शरियतीचा अभ्यासक : आसफ फैझी

पनवेलहून पूर्वेकडे पाहिले की प्रबळगडाच्या पाठीमागे माथेरानचे सपाट पठार दिसते. मुंबईकरांच्या लेखी ते हवा खाण्याचे ठिकाण. १९०७ साली नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली आणि त्याची कीर्ती आणखी वाढली. ही गाडी सुरू होण्याच्या आठ वर्षे आधी, १० एप्रिल १८९९ रोजी, याच पठारावर एका मुलाचा जन्म झाला. पुढे मुसलमानी कायद्याचा अभ्यास म्हणजे काय, हे हिंदुस्थानातील न्यायाधीशांना, वकिलांना आणि विद्यार्थ्यांना ज्या मोजक्या ग्रंथांनी शिकविले, त्यांतील एक ग्रंथ त्याच्या हातून लिहिला गेला. आसफ अली असगर फैझी हे त्याचे नाव. माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वकिलांच्या कपाटात त्यांचे पुस्तक असते. पण त्या पुस्तकामागचा माणूस मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचितच राहिला.

फैझी हे सुलेमानी बोहरा. बोहऱ्यांमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूच्या वारशावरून फूट पडली. बहुसंख्य दाऊदी झाले, अल्पसंख्य सुलेमानी. हा लहानसा समाज, परंतु त्याने मुंबईला कितीतरी कर्तबगार माणसे दिली. १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविणारे आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच समाजाचे. त्यांचे पुत्र फैझ तय्यबजी हेही न्यायमूर्ती झाले आणि मुसलमानी कायद्यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. लेखिका अतिया फैझी आणि जंजिऱ्याच्या बेगम नाझली या फैझी घराण्यातल्या. मुलींना शिकविणारे, पडदा झुगारणारे, विलायतेस जाणारे आणि तरीही आपल्या धर्माशी नाते न तोडणारे हे वर्तुळ होते. आसफ फैझी त्या वर्तुळात वाढले, ही गोष्ट त्यांचे पुढील आयुष्य समजून घेताना विसरता येत नाही. बंडखोराचा कडवटपणा त्यांच्या लेखनात आढळत नाही याचे एक कारण, माझ्या मते, हेच असावे: घरातून बाहेर पडण्यासाठी त्यांना दार फोडावे लागले नव्हते.

मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण आणि कायद्याची पदवी घेतल्यावर ते केंब्रिजला सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले. ब्राउन आणि निकल्सन यांच्यासारखे फारसी-अरबीचे जाणकार त्या काळी केंब्रिजला शिकवीत होते. फैझींनी तेथे पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला आणि १९२५ साली ते बॅरिस्टर झाले. कायदा आणि अरबी या दोन विद्या एकाच माणसाच्या ठायी एकत्र येणे त्या काळी दुर्मिळ होते. हे महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजी न्यायालये मुसलमानी कायदा चालवीत होती खरी, पण तो त्यांना वाचता येत नव्हता. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने वारसा, विवाह यांसारख्या बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा, असे ठरविले. न्यायाधीश इंग्रज, म्हणून त्यांच्या मदतीला मौलवी आणि पंडित नेमले गेले. पुढे मौलवींवरचा विश्वास उडाला आणि भाषांतरांवर बसला. बाराव्या शतकात मध्य आशियात लिहिला गेलेला ‘हिदाया’ हा हनफी पंथाचा अरबी ग्रंथ. तो आधी फारसीत उतरविण्यात आला आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली इंग्रजीत आणला. म्हणजे भाषांतराचे भाषांतर. त्याच्या आधारे लक्षावधी लोकांच्या वारशाचे निवाडे होऊ लागले. १८६४ साली न्यायालयांतील मौलवी-पंडितांची पदेही संपुष्टात आली आणि उरले ते इंग्रजी ग्रंथ व इंग्रज न्यायाधीशांचे जुने निकाल. एका निकालाने दुसऱ्यास जन्म दिला, दुसऱ्याने तिसऱ्यास. या परंपरेतून जे उभे राहिले ते ना निव्वळ शरियत, ना निव्वळ इंग्रजी कायदा. आपण ज्याला मुसलमानी कायदा म्हणतो तो हा तिसराच पदार्थ आहे, हे फैझींनी जितक्या स्वच्छपणे दाखविले तितके फार थोड्यांनी दाखविले असेल.

या गोंधळाचे आर्थिक परिणाम साधे नव्हते. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली खटल्यात असा निर्णय दिला की, ज्या वक्फाचा लाभ प्रामुख्याने दात्याच्या वंशजांनाच मिळतो आणि गरिबांचा वाटा दूरचा व नाममात्र असतो, तो वक्फ वैध नव्हे. इंग्रजी कल्पनेतील धर्मादाय आणि इस्लामी कल्पनेतील धर्मादाय यांत फरक आहे, स्वतःच्या कुटुंबाचे पोषण हाही तेथे पुण्याचा भाग मानला जातो, हे त्या न्यायाधीशांच्या गळी उतरले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मालमत्तांचा पायाच डळमळला. सय्यद अमीर अलींसारख्या जाणकारांनी विरोध केला, देशभर ओरड झाली, आणि अखेर १९१३ साली महंमद अली जीना यांनी मांडलेल्या विधेयकाचा कायदा होऊन तो निर्णय निष्प्रभ करण्यात आला. अर्थशास्त्राच्या वर्गात मालमत्तेच्या हक्कांविषयी शिकविताना हे उदाहरण मला नेहमी आठवते. एखाद्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावला गेला तर जमिनीची मालकी बदलते.

१९२६ पासून बारा वर्षे फैझींनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. परंतु त्यांचे मन ग्रंथांत होते, आणि तेही अशा ग्रंथांत की जे कोणाला पाहावयास मिळत नसत. इस्माइली पंथाची पुस्तके हस्तलिखित रूपात बोहरा धर्मगुरूंच्या आणि काही विद्वान घराण्यांच्या कोठारांत बंद होती. दीक्षेची शपथ घेतल्यावाचून ती वाचू द्यावयाची नाहीत, असा दंडक होता. शतकानुशतके छळ सोसलेल्या पंथाने स्वतःच्या रक्षणासाठी घातलेले ते कुंपण होते. संकट टळल्यावरही ते तसेच राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कुंपण ज्यांनी आतून उघडले ते तिघे-चौघेच होते. सुरतेच्या विद्वान घराण्यातील हुसैन हमदानी, हैदराबादचे जाहिद अली, आणि मुंबईचे फैझी. त्यांना साथ मिळाली ती व्लादिमीर इव्हानोव्ह या रशियन अभ्यासकाची. रशियातील राज्यक्रांतीनंतर मायदेशास मुकलेला हा माणूस हिंदुस्थानात आला आणि मुंबईत बसून त्याने इस्माइली वाङ्मयाची सूची तयार केली. १९३३ साली मुंबईत ‘इस्लामिक रिसर्च असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत फैझी होते. त्याच वर्षी इस्माइली मृत्युपत्रविषयक कायद्यावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते दहाव्या शतकातील काझी नोमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या ग्रंथातील एका प्रकरणाची संहिता आणि तिचे भाषांतर होते.

काझी नोमान हे फातिमी खलिफांचे सर्वश्रेष्ठ विधिज्ञ, आणि त्यांचा हा ग्रंथ बोहऱ्यांचा आजही प्रमाणग्रंथ. तो छापला जाण्याचे महत्त्व केवळ पांडित्याचे नव्हते. मुंबईच्या न्यायालयांपुढे बोहऱ्यांचा खटला आला की न्यायाधीश शिया कायद्याचे पुस्तक उघडत. परंतु ते पुस्तक बारा इमाम मानणाऱ्या शियांचे असे. दोन्ही शाखा शिया खऱ्या, पण त्यांचा कायदा सर्वत्र एक नाही. बारा इमाम मानणाऱ्यांत मुदतीचा विवाह चालतो, काझी नोमान तो निषिद्ध मानतात. म्हणजे ज्या माणसाचा कायदा ठरवावयाचा, त्याच्या हाती आपला कायदा दाखविण्यास छापील पुस्तकच नव्हते! आपल्याच समाजाची गुपिते फोडली असा आक्षेप घेणाऱ्याला याहून चांगले उत्तर काय असू शकते? कुलूपबंद कायदा न्यायालयात कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

कोकणी वाचकासाठी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अरबी व्यापारामुळे आपल्या किनाऱ्यावरील मुसलमान शाफी पंथाचे आहेत, तर उर्वरित देशातील बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. शाफी मताप्रमाणे मुलगी वयात आली तरी तिचा विवाह पालकावाचून होत नाही. हनफी मताप्रमाणे सज्ञान मुलगी स्वतः विवाह करू शकते. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कोकणी कुटुंबातील खटला आला. शाफी मुलीने आपण हनफी मत स्वीकारले असे जाहीर केले आणि पित्याच्या संमतीविना विवाह केला. तो विवाह न्यायालयाने वैध ठरविला. सज्ञान मुसलमानाला पंथ निवडण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्या मुलीमुळे ग्रंथांत नोंदले गेले. शरियत म्हणजे एकच एक, अखंड, न बदलणारी गोष्ट आहे असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी हा खटला एकदा वाचावा.

१९३८ साली फैझी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक झाले. १९३५ पासून १९३८ पर्यंत हीच दोन्ही पदे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. त्याच्याही आधी याच महाविद्यालयात ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे पां. वा. काणे शिकवून गेले होते. हिंदू कायद्याचा सर्वांत मोठा इतिहासकार, त्या कायद्याचा सर्वांत प्रखर टीकाकार आणि मुसलमानी कायद्याचा हा साक्षेपी अभ्यासक, असे तिघे एकाच संस्थेच्या अध्यापकवर्गात होऊन गेले, याचा मुंबईला म्हणावा तसा अभिमान वाटलेला दिसत नाही. ‘पेरी’ या नावातही एक विरोधाभास दडला आहे. ज्या सर अर्स्किन पेरींच्या स्मरणार्थ ते अध्यासन निर्माण झाले, त्यांनीच १८४७ साली खोजा आणि मेमन यांच्या खटल्यांत निर्णय दिला होता की, कुराणात मुलींना वाटा सांगितलेला असला तरी या जातींची रूढी हिंदूंसारखी आहे, आणि रूढीच चालेल. मुलींचे दावे फेटाळले गेले. त्याच अध्यासनावर बसून फैझी मुलांना शिकवीत होते की, कुराणाने मुलीला पुत्राच्या निम्मा का होईना, पण निश्चित वाटा दिला आहे, आणि तो देणे त्या काळच्या अरबस्तानात केवढी मोठी क्रांती होती.

ते प्राचार्य होण्याच्या आदल्या वर्षी, १९३७ साली, शरियत कायदा संमत झाला होता. रूढी बाजूस सारून मुसलमानांना शरियत लागू करावयाची, हा त्याचा हेतू. परंतु त्यातून शेतजमीन वगळली गेली. शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता हे घटनात्मक कारण खरे. पण ज्या देशात संपत्ती म्हणजे मुख्यतः जमीन, तेथे जमीन वगळून मुलीला वाटा देणे म्हणजे ताट वाढून अन्न काढून घेणे होय. दोन वर्षांनी, १९३९ साली, मुसलमान स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. हनफी मताप्रमाणे स्त्रीची सुटका जवळजवळ अशक्य होती. म्हणून मालिकी पंथाचे उदार नियम उसने घेण्यात आले, आणि तेही उलेमांच्या संमतीने. शरियतीच्या पोटातच सुधारणेच्या वाटा आहेत, याचा हा पुरावा.

‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’ हे फैझींचे पुस्तक १९४९ साली निघाले. मुल्लांचे पुस्तक त्यापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे चालत होते आणि आजही चालते. दिनशा मुल्ला हे पारशी. त्यांनी कलमे पाडून कायदा सुटसुटीत केला, आणि घाईत असलेल्या वकिलाला तेच हवे असते. फैझींची रीत वेगळी होती. ते नियम सांगण्याआधी तो कोठून आला ते सांगतात. इस्लामपूर्व अरबांची चाल काय होती, पैगंबरांनी तीत काय बदलले, पुढच्या विधिज्ञांनी काय भर घातली, इंग्रज न्यायाधीशांनी काय समजून घेतले आणि काय उलटे समजून घेतले, हे सारे क्रमाने येते. शरियत म्हणजे ईश्वरी मार्ग आणि फिक्ह म्हणजे तो समजून घेण्याचा माणसाचा प्रयत्न, हा भेद त्यांनी विद्यार्थ्याच्या मनावर ठसविला. पहिली गोष्ट श्रद्धेची. दुसरी विद्येची, आणि म्हणून चुकू शकणारी. पुस्तक वाचून संपल्यावर विद्यार्थ्याला नियम कदाचित कमी पाठ होतात, पण नियमाकडे पाहावे कसे ते कळते. परीक्षेसाठी मुल्ला आणि समजण्यासाठी फैझी, अशी वाटणी करावयास हरकत नसावी.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या वाट्याला सरकारी पदे आली: मुंबईच्या लोकसेवा आयोगाचे सदस्यत्व, १९४९ ते १९५१ या काळात इजिप्तमधील राजदूतपद, मग केंद्रीय लोकसेवा आयोग, आणि १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरुपद. १९६२ साली पद्मभूषण. या पदांचा तपशील फारसा सांगण्याजोगा नाही. एवढेच सांगितले पाहिजे की, राजदूत म्हणून कैरोत असताना त्यांनी ‘दआइम’चा पहिला खंड तेथेच १९५१ साली छापून घेतला. फातिमी खलिफांनी वसविलेल्या नगरीत, फातिमी काझीचा ग्रंथ, हिंदुस्थानच्या राजदूताच्या संपादनाने! दुसरा खंड दहाएक वर्षांनी आला.

१९६३ साली ‘अ मॉडर्न अ‍ॅप्रोच टु इस्लाम’ हे त्यांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि आयुष्यभर मवाळ राहिलेल्या या माणसाने आपले मत उघडपणे मांडले. धर्म आणि कायदा यांची गाठ सोडविली पाहिजे, हा त्याचा गाभा. धर्म हा व्यक्तीच्या विवेकाचा विषय. कायदा राज्याच्या सत्तेचा. धर्माची आज्ञा मनाने पाळावयाची असते, कायदा मोडला तर दंड होतो. या दोन गोष्टी शतकानुशतके एकत्र बांधल्या गेल्याने दोन्हींचे नुकसान झाले, असे त्यांचे म्हणणे. कुराणाचे वचन ज्या काळी आले त्या काळाच्या संदर्भात ते समजून घ्यावे, आणि आज त्याचा हेतू कसा साधेल ते प्रत्येक पिढीने नव्याने पाहावे.

उलेमांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांचा आक्षेपही पोकळ नव्हता: इस्लाममध्ये जीवनाचा सर्व व्यवहारच ईश्वरी आज्ञेखाली येतो, तेथून कायदा बाजूला काढला तर उरते काय, हा प्रश्न गंभीर आहे, आणि फैझींनी त्याचे पूर्ण उत्तर दिले असे मला वाटत नाही. आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. त्यांचे लेखन मुख्यतः इंग्रजीत झाले आणि विद्वानांतच फिरत राहिले. १९६६ साली हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या विधान भवनावर गेले आणि १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाईंकडे लोकभाषा होती, धग होती. फैझींकडे अरबी ग्रंथांचा आधार होता. ही दोन सामर्थ्ये एकत्र आली असती तर महाराष्ट्रातील सुधारणेच्या चळवळीला वेगळेच बळ मिळाले असते. दलवाई १९७७ साली अकाली गेले. फैझी २३ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत वारले.

त्यांच्यानंतर चारच वर्षांनी शाहबानो प्रकरणाने देश ढवळून निघाला. १९८६ चा कायदा, त्याचा अर्थ लावणारा २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरविणारा २०१७ चा निकाल, २०१९ चा कायदा, २०२४ साली उत्तराखंडाने केलेली समान नागरी संहिता, आणि आता वक्फाच्या कायद्यावरून चाललेला वाद. प्रत्येक वेळी सभा, मोर्चे आणि अग्रलेख यांचा पूर येतो. शरियत बदलताच येत नाही असे एक बाजू ओरडते, शरियत म्हणजे केवळ जुलूम असे दुसरी. दोहोंपैकी किती जणांना १९३९ च्या कायद्यात मालिकी नियम कोणी आणले हे ठाऊक असते? १९३७ च्या कायद्यातून जमीन का वगळली हे किती जण सांगू शकतील? आमच्या महाविद्यालयांतील हिंदू-मुसलमान मुले हा वाद तावातावाने करतात. त्यांचे ज्ञान मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपुढे जात नाही. दोष मुलांचा नाही. कायदा विधी महाविद्यालयात, इतिहास कला शाखेत, अरबी मदरशात आणि मालमत्ता अर्थशास्त्रात, अशी आम्ही अध्यापकांनीच विद्येची वाटणी करून ठेवली आहे.

फैझींनी जमविलेली इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास देऊन टाकली. त्यांची वर्णनात्मक सूची १९६५ साली प्रसिद्ध झाली. शपथ घेतल्यावाचून जी पुस्तके पाहता येत नव्हती, ती आता फोर्टातल्या राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयाची झाली. ‘दआइम’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. इस्माइल पूनावाला या अमेरिकेत शिकविणाऱ्या अभ्यासकाने ते तपासून, दुरुस्त करून, टीपांसह २००२ आणि २००४ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. ‘आउटलाइन्स’ची पाचवी आवृत्ती ताहिर महमूद यांच्या संपादनाने २००८ साली निघाली. मूळ मजकूर फैझींचा, नंतरचे निकाल आणि कायदे यांची भर संपादकाची, अशी ती आहे.